लेकराला घेऊन पहिल्यांदा हॉटेलात जाताय?

ताई, दीड वर्षाच्या लेकराला बाहेर न्यायला एवढं घाबरू नका. मेनूकार्ड राहू द्या, आधी वेटरला विचारा, आत्ता गरम काय आहे? इडली, वरण-भात किंवा वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. भाकरी तव्यावरची मऊ मागा. कडक भाकरीचे तुकडे टोकदार असतात आणि वरणातही लवकर भिजत नाहीत. वरण फोडणी घालायच्या आधीच वाटीभर काढून द्या म्हणावं, बहुतेक ठिकाणी देतात.

सुरुवातीला हमखास चुकतं ते हे:

- "जरा चाटवू" म्हणून शेंगाचटणी. तिखट आणि मीठ, दोन्ही भरपूर.
- अख्खे शेंगदाणे, फुटाणे. पाच वर्षांपर्यंत नकोच, घशात अडकतात. सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत कडेवर घेऊन चालता चालता तर काहीच भरवू नका. कुठंतरी टेकून, बसवून द्या.
- भुकेल्या लेकराला घेऊन ऑर्डरची वाट बघणं. पिशवीत केळं हवंच.

पाणी घरचं न्या. सोलापूरच्या उन्हात बर्फाच्या गोळ्याचा हट्ट होणारच, पण तो बर्फ कुठल्या पाण्याचा कोण सांगणार? चार घास खाऊन तोंड फिरवलं तर मागे लागू नका, घरी आल्यावर जेवेल.