वाचकांचे प्रश्न : टाकी भरताना दाब कोण सांभाळतो?

प्रश्न : दाभोळच्या टर्मिनलवर एलएनजीचे (अतिथंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूचे) जहाज लागले की एक-दीड दिवसात लाखभर घनमीटरहून अधिक द्रव किनाऱ्यावरच्या टाक्यांत जातो, असे वाचले. एवढा द्रव आत शिरताना वरच्या वायूचा दाब वाढून टाकी फुटत कशी नाही? सेफ्टी व्हॉल्व्ह तो दाब सोडून देतो का? वादळात हवेचा दाब उतरतो, त्याचा टाकीवर काही परिणाम होतो का? — एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल. तो दाब सांभाळण्यासाठी नसतो. दाब सांभाळणारी सारी यंत्रणा हरल्यानंतरचा तो शेवटचा उपाय असतो, आणि टाकी भरताना तो उघडला तर ते नियंत्रण फसल्याचेच लक्षण समजावे. या टाक्या आकाराने अवाढव्य असल्या तरी त्यांची दाब सोसण्याची क्षमता सहसा ३०० मिलीबारच्याही आत असते, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकीच. म्हणून नियंत्रण सुरुवातीपासून आणि अखंड चालावे लागते, आणि ते माणसाच्या हातावर सोडलेले नसते.

आता दाब वाढतो कशाने, हे पाहू. ताशी १०,००० घनमीटर द्रव टाकीत आला की तेवढ्याच जागेतले बाष्प वर रेटले जाते. पण त्याच वेळी जहाजाच्या टाक्यांत तेवढीच जागा रिकामी होत असते. म्हणून द्रव उतरवणाऱ्या नळांच्या शेजारी बाष्प परत नेणारा एक नळ जहाजाला जोडलेला असतो आणि टाकीतले बाष्प त्यातून जहाजावर जाते. हा हिशेब जवळजवळ जुळतो, त्यामुळे जागेपुरता दाबाचा प्रश्न तिथेच मिटतो. खरी अडचण उष्णतेची आहे. वातावरणीय दाबाला एलएनजी उणे १६२ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. जहाजावरचे पंप आणि जेट्टीपासूनची लांब पाइपलाइन त्याला थोडी थोडी ऊब देत राहतात, आणि त्यात जहाजातला दाब टाकीतल्या दाबापेक्षा जास्त असेल, तर द्रव टाकीत शिरताच त्याचा काही अंश लगेच बाष्प होतो.

इथे नवख्याला उलटी वाटेल अशी एक गोष्ट आहे. जहाज रिकामे करताना टाकीतला दाब फार खाली न ठेवता सुरक्षित मर्यादेत थोडा चढाच ठेवणे हिताचे असते, कारण वरचा दाब जास्त असला की येणारा द्रव कमी उकळतो आणि बाष्पही आपोआप जहाजाकडे वाहते. उरलेले जादा बाष्प कॉम्प्रेसर ओढून घेतात. टाकीच्या डोक्यावरचा ट्रान्समीटर दाब सतत मोजतो आणि तो ठरवलेल्या आकड्यापलीकडे जाऊ लागला की कॉम्प्रेसरचा भार टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. तेवढ्याने भागले नाही तर फ्लेअरकडची (जादा वायू जाळणाऱ्या उंच चिमणीकडची) झडप उघडून बाष्प जाळले जाते, आणि सेफ्टी व्हॉल्व्हची पाळी त्याच्याही नंतर येते. दाब फार उतरला तर हेच उलट्या दिशेने चालते: कॉम्प्रेसर थांबतात, गरज पडल्यास बाहेरून वायू आत सोडला जातो. अशा टाकीला आतून पोकळी, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब, मुळीच सोसत नाही. वाढत्या दाबापेक्षा उतरता दाब तिच्या जिवावर अधिक लवकर बेततो.

तुमचा वादळाचा प्रश्न फार नेमका आहे. दाब दाखवणारे साधे मापक बाहेरच्या हवेच्या तुलनेत आकडा देते, तर द्रव उकळणार की नाही हे निरपेक्ष दाबावर, म्हणजे शून्यापासून मोजलेल्या एकूण दाबावर, ठरते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तसे एखादे वादळ येऊन हवेचा दाब २० मिलीबारने उतरला, तर टाकीतले काहीही न बदलता मापकावरचा आकडा २० ने चढतो. यंत्रणेने तो चढलेला आकडा पूर्ववत करायचा म्हणून बाष्प ओढले, तर निरपेक्ष दाब खरोखरच घटतो, द्रवाचा उत्कलनबिंदू सुमारे पाव अंशाने खाली येतो आणि लाख घनमीटरच्या टाकीत गणिताने सत्तरेक टन बाष्प निघू शकते. म्हणून अशा टाक्यांवर निरपेक्ष दाब मोजणारे मापकही लागते. दाभोळला लाटा अडवणारा बंधारा दीर्घकाळ अपुरा राहिल्याने पावसाळ्यात जहाजे लागत नसत, त्यामुळे भरणे आणि पावसाळी वादळ यांची गाठ पडण्याचा प्रसंग तेवढ्यापुरता टळत आला; साठवलेल्या द्रवाला मात्र ही सवलत नसते.

भरताना दाब शांत राहिला म्हणजे काम फत्ते झाले, असेही नाही. १९७१ साली इटलीतील ला स्पेझियाजवळच्या टर्मिनलवर जड आणि किंचित उबदार द्रव तळातून भरला गेला. तो जुन्या हलक्या द्रवाखाली थर धरून बसला, आणि भरणे संपल्यावर सुमारे १८ तासांनी दोन्ही थर एकदम मिसळले, तेव्हा दाब एवढा उसळला की सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाष्पाचे लोट निघाले. तेव्हापासून येणाऱ्या द्रवाची घनता आधी विचारून जड द्रव वरून आणि हलका तळातून सोडण्याचा शिरस्ता पडला.

प्रश्न : आमच्या रुग्णालयाच्या आवारात द्रव ऑक्सिजनची उभी टाकी आहे. टँकरवाला ती भरताना दोन झडपा आलटून-पालटून कमी-जास्त करतो. असे का? — एक परिचारिका, सिंधुदुर्ग

उत्तर : यातली एक झडप टाकीच्या डोक्यात उघडते आणि दुसरी तळात. वरून आलेला थंड फवारा आतल्या बाष्पाला गार करून त्याचा पुन्हा द्रव करतो, म्हणून दाब उतरतो. तळातून आलेला द्रव बाष्पाला वर दाबत नेतो, म्हणून दाब चढतो. दोहोंचे प्रमाण साधले की टाकी भरत असतानाही दाब जागच्या जागी राहतो आणि वायू बाहेर सोडावा लागत नाही. सोडलेला ऑक्सिजन वाया तर जातोच, शिवाय आसपास तो साचला तर कपडा किंवा तेलकट चिंधीही झपाट्याने पेटते.

हे प्रमाण टाकीच्या दाबावरच चालणाऱ्या स्वयंचलित झडपेकडे सोपवता येते: आतला दाब ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की ती द्रव वर वळवते, खाली आला की तळाकडे. माझ्या मते रुग्णालयांत ही सोय हवीच, कारण इथे धोका दाब वाढण्याचा कमी आणि घसरण्याचा जास्त आहे. टँकरवाल्याने घाईत सारा द्रव वरून सोडला तर टाकीचा दाब झपाट्याने पडतो, आणि खाटांपर्यंत जाणाऱ्या पाइपलाइनला सुमारे ४ बारचा दाब अखंड लागतो. नाशिकच्या एका रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी रुग्ण दगावले, त्या दुर्घटनेचे निमित्त ऑक्सिजन टाकीच्या गळतीचे होते. पण पुरवठ्याचा दाब कोसळला की काय होते, ते सबंध राज्याने त्या दिवशी पाहिले. तुमच्याकडे झडपा हातानेच फिरवल्या जात असतील, तर भरताना टाकीच्या दाबमापकाजवळ रुग्णालयाचा एक माणूस उभा असावा.

प्रश्न : कारखान्यातली एलपीजीची बुलेट (आडवी लांबट टाकी) भरताना ८५ टक्क्यांवर का थांबवतात? — एक वाचक, लोटे

उत्तर : एलपीजी उन्हात पाण्याच्या मानाने कितीतरी जास्त फुगतो. वर बाष्पाला जागा उरली नाही तर फुगणारा द्रव थेट पत्र्यावर रेटतो, आणि मग दाब वाढायला काही अंशांची उष्णताही पुरते.