उंची पाच फूट एक इंच आहे, गोव्यात चालवायला कोणती बाईक घेऊ?
माझीपण उंची तेवढीच, डिचोलीत राहते, रॉयल एनफिल्डची मीटिअर 350 चालवते. तिच्या सीटची जमिनीपासून उंची 765 मिलिमीटर, त्याच कंपनीच्या हंटरची 790, पण नुसता आकडा बघू नका, सीट रुंद असली की पाय फाकतात नि जमीन अजून लांब जाते, म्हणून शोरूममध्ये रायडिंगचे बूट घालूनच बसून बघा. दोन्ही चवडे टेकले तरी पुरे. खरी परीक्षा रायबंदर-दिवाडी फेरीबोटीच्या ओल्या उतारावर, तिथं 191 किलोची गाडी सांभाळताना मला सुरवातीला घाम फुटायचा! सस्पेन्शन खाली करायच्या फंदात पडू नका, आधी कुशनवाल्याकडून सीटचा फोम थोडा कापून घ्या. आणि हेल्मेट नवऱ्याचं नको, आपल्या मापाचं, आयएसआयवालं.