दहा दिवसांची वही आणि सव्वा लाखाचा फोन

"मॅडम, रविवारी रात्री बाराला सेल संपतोय. त्याच्या आत मला फक्त हो की नाही, एवढं सांगा."

२०२४ च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. समोर बसलेला मुलगा २७ वर्षांचा, मूळचा बार्शी तालुक्यातला, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरीला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) मी समुपदेशक. त्याला माझ्याकडे पाठवलं होतं त्याच्या मोठ्या बहिणीने, आणि तेही वेगळ्याच कारणासाठी. त्याची झोप उडाली होती. रात्री दोन-दोनपर्यंत जागा आणि सकाळी सहाला कंपनीची बस.

दोनपर्यंत काय करता, असं विचारल्यावर त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. नव्या फोनच्या परीक्षणांचे व्हिडिओ. एक संपला की दुसरा. त्यातून त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. सहा फोन, प्रत्येकाचा कॅमेरा, प्रोसेसर, स्क्रीन, बॅटरी, वजन, किंमत. सगळ्यांत वर पिवळ्या रंगात आयफोन १६ प्रो, १ लाख १९ हजार ९०० रुपये. हातात येणारा पगार ३६ हजार. त्यातून खोलीचं भाडं, मेस, घरी दर महिन्याला १२ हजार. २४ महिन्यांचा 'नो कॉस्ट' हप्ता घेतला की महिन्याला जवळपास पाच हजार बसतात, एवढा हिशेब झालेला होता. फक्त कुणीतरी 'घे' म्हणायला हवं होतं, किंवा 'नको' म्हणायला.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. बारावीच्या मुलाची आई विचारते, नवरा-बायको एकमेकांची तक्रार म्हणून आणतात, निवृत्त गृहस्थ नातवाचं नाव पुढे करून स्वतःबद्दल विचारतात. हो की नाही मी सांगत नाही, कारण त्या घडीला मला ते खरंच ठाऊक नसतं. या मुलाचा तक्ता मी नीट पाहिला. इतका काळजीपूर्वक केलेला, पण त्यात एक फोन नव्हता. जो त्याच्या हातात होता तोच. चार वर्षांपूर्वी घेतलेल्या त्या अँड्रॉइड फोनला त्याने स्पर्धेत धरलंच नव्हतं.

मी त्याला एक साधी शंभर पानी वही आणायला सांगितली. दहा दिवस लिहायचं. डाव्या पानावर, हातातला फोन जेव्हा जेव्हा अडेल तेव्हा: वेळ, जागा, काय झालं. उजव्या पानावर, नवा फोन हवासा वाटेल तेव्हा: वेळ, जागा, आणि आसपास कोण होतं. दोन्हीकडे स्वतःला काही समजवायचं नाही, फक्त टिपायचं.

"पण सेल?"

"दिवाळी महिन्यावर आलीय. पुन्हा लागेल."

तो नाराज होऊन गेला. मला वाटलं, परत येणार नाही.

तो दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आला, वहीसकट. डाव्या पानांवर १२ नोंदी होत्या. त्यातल्या आठ बॅटरीच्या, आणि आठही जवळपास एकाच वेळच्या: संध्याकाळी पाच ते साडेसहा, परतीच्या बसमध्ये. तीन वेळा जागा भरल्याचा निरोप. एकदा रात्री काढलेला फोटो हलला.

उजवीकडे २१ नोंदी. कॅन्टीन. लिफ्ट. रात्री इन्स्टाग्राम. मित्राचं स्टेटस. रविवारी मॉलमध्ये. आणि एक नोंद, जिच्यावर मी बोट ठेवून थांबले: 'खंडेनवमी. शॉपफ्लोअरवर पूजा. मशिनला झेंडू, व्हर्निअरला कुंकू. मग सगळ्यांनी आपापले मोबाईल ठेवले पूजेला. मी खिशातच ठेवला.'

दोन्ही पानं शेजारी ठेवून आम्ही वाचली. बसमध्ये बॅटरी संपली त्या आठही वेळांना उजवं पान कोरं होतं. तेव्हा त्याला चार्जर हवा होता. नवा फोन हवा होता तो कॅन्टीनमध्ये, चार जणांचे फोन टेबलावर पडलेले असताना, आणि त्या वेळी त्याचा फोन अगदी व्यवस्थित चालू होता.

त्याने स्वतःच ते पाहिलं. बराच वेळ गप्प बसला. तोवर मी त्याला अहोजाहो करत होते, तर म्हणाला, "मॅडम, तू म्हणा मला." आणि मग त्याने मे महिन्यातली गोष्ट सांगितली.

बार्शीत चुलत बहिणीची हळद होती. कॉलेजपासून घरातल्या प्रत्येक कार्याचे फोटो हाच काढायचा. लग्न, बारसं, जावळ, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, सगळं. फोनमध्ये १४ हजार फोटो. त्या दिवशीही तो पुढे झाला, तर नवरीच म्हणाली, "दादा, थांब ना. तुझ्यात नको, दाजींच्या मोबाईलमध्ये काढू." पुण्याच्या दाजींकडे आयफोन होता. दाजींनी काढले. कुणी काही टोचून बोललं नाही, कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. पण त्यानंतर याने कुठल्याही कार्यात फोन बाहेर काढला नाही, आणि मित्रांत बसला की तो टेबलावर पालथा ठेवू लागला.

इथे अनेक जण 'लोकांकडे लक्ष देऊ नकोस, साधं राहावं' असं सांगतात. मला हा सल्ला निर्दय वाटतो. त्या मुलाची घरातली एक जागा होती, फोटो काढणाऱ्या दादाची. ती एका वाक्यात गेली. हे दुःख खोटं नाही, आणि ते दिखाऊपणाचंही नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं की स्वतःला मोजायला ठरलेली पट्टी नसली, की माणूस शेजारच्या माणसाचीच पट्टी करतो. कंपनीत नवा लागलेला, घर लांब, लग्नाची बोलणी सुरू होऊ घातलेली, अशा मुलाने आपण कुठे उभे आहोत हे कशावरून मोजायचं? जे टेबलावर दिसतं त्यावरून तो मोजतो.

दुसरी एक गोष्ट मी त्याला समजावली, कारण ती कळली की रात्रीचे व्हिडिओ कळतात. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी वर्षानुवर्षं मेंदूचा अभ्यास करून दाखवलं की 'हवंहवंसं वाटणं' आणि 'आवडणं' या मेंदूतल्या वेगळ्या यंत्रणा आहेत. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः पहिलीशी. म्हणजे एखाद्या वस्तूची ओढ कितीही वाढू शकते, आणि ती मिळाल्यावरचा आनंद तेवढाच वाढतो असं नाही. परीक्षणाचा प्रत्येक व्हिडिओ ओढ वाढवत होता. माहिती तर पहिल्या तीन व्हिडिओंतच संपली होती. झोपेसाठी मी त्याला वेगळं काही दिलं नाही. रात्री दहानंतर फोन खोलीतल्या मित्राच्या टेबलावर चार्जिंगला लावायचा, एवढंच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्याला रात्री बाराच्या आत झोप लागायला लागली.

मग पैशांचं. समुपदेशकाने हिशेबात पडू नये असं काही सहकाऱ्यांचं मत आहे. मला ते पटत नाही. आमच्याकडे येणाऱ्या तरुणांची निम्मी चिंता हप्त्याची असते, आणि तिचे आकडे न बघता नुसतं मन कसं बघायचं? 'नो कॉस्ट' हप्त्यात बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून ते दिसत नाही. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच बिलात येतो, बहुतेकदा प्रोसेसिंग फीसुद्धा. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. ही रक्कम फार मोठी नसते. माझी काळजी वेगळी होती. ३६ हजारांतून बांधलेला पाच हजारांचा हप्ता २४ महिने हलवता येत नाही. तीन वर्षं वापरला असं धरलं, तर त्या फोनचे दिवसाला ११० रुपये पडत होते. त्याची मेस दोन वेळची जेवणं धरून दिवसाला तेवढीच होती.

मी त्याला सुचवलं की हप्ता सुरू करच, पण स्वतःला. १ नोव्हेंबरपासून वेगळ्या खात्यात महिन्याला पाच हजार. जमतंय का बघू. ज्याला फोनच्या आधी हा हप्ता झेपतो, त्याला फोनच्या नंतरही झेपेल.

डाव्या पानाकडेही आम्ही तेवढ्याच गांभीर्याने पाहिलं. बॅटरी हा फोनचा झिजणारा भाग आहे. उदाहरणार्थ, आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशी बनवलेली असते, असं ॲपलच सांगते. आयफोन १५ पासून हा आकडा १,००० आहे. याच्या फोनला चार वर्षं झालेली, रोज एकदा-दीडदा चार्ज. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये २,३०० रुपयांत नवी बॅटरी बसली आणि फोन रात्रीपर्यंत चालू लागला. जागा भरायचं कारण म्हणजे कामाच्या ग्रुपवर येणारे व्हिडिओ. ते काढल्यावर ३० जीबी मोकळे झाले.

एक गोष्ट मात्र त्याच्या वहीत नव्हती. मी त्याला सेटिंगमध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघायला लावली. ऑगस्ट २०२३. म्हणजे वर्षाहून जास्त काळ त्या फोनला सुरक्षेची दुरुस्ती मिळालेली नव्हती, आणि त्यावरूनच तो यूपीआय आणि बँकेचे व्यवहार करत होता. फोन बदलायचं हे खरं कारण होतं, आणि ते एकाही व्हिडिओत त्याला सापडलं नव्हतं. म्हणून मी त्याला 'नको' म्हटलं नाही. घाई नको, पण वर्षभरात बदल, आणि घेताना कॅमेऱ्याच्या भिंगांच्या आधी हे बघ की अपडेट किती वर्षं मिळणार. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचं वचन दिलं आहे. ॲपलचं २०२४ चं आयओएस १८, म्हणजे आयफोन चालवणारं सॉफ्टवेअर, तर २०१८ च्या फोनवरही चालतं. सर्वच कंपन्यांच्या स्वस्त मॉडेलना एवढं मिळत नाही, म्हणून घेण्याआधी विचारायचं.

तिसऱ्या भेटीत मी त्याला गृहपाठ दिला तो फोटोंचा. दिवाळीला गावी जाशील तेव्हा काढ. कुणाला दाखवू नकोस, पण काढ.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. नोव्हेंबरचे पाच हजार टाकले, डिसेंबरचे टाकता आले नाहीत. विहिरीवरची मोटर जळाली आणि वडिलांना नऊ हजार पाठवावे लागले. फोनवर मला म्हणाला, "मॅडम, हप्ता असता तर काय केलं असतं?" मी उत्तर दिलं नाही, त्याला ते माहीत होतं. जानेवारीपासून पुन्हा सुरू झालं. मार्चमध्ये एकदा रात्री जागून त्याने पुन्हा चार व्हिडिओ पाहिले आणि दुसऱ्या दिवशी अपराधी वाटून मला मेसेज केला. मी लिहिलं, वहीत टिप, बाकी काही करू नकोस.

जूनमध्ये त्या खात्यात ३५ हजार होते. त्यातून त्याने ३२ हजारांचा, आदल्या वर्षी आलेला एक अँड्रॉइड फोन रोखीने घेतला. कॅमेरा चांगला, अपडेटची मुदत मोठी. जुना फोन आईला दिला, व्हिडिओ कॉलसाठी. बँकेचं ॲप काढून टाकून. नवलाई तीन आठवडे टिकली, असं त्यानेच सांगितलं. श्रावणात घरी सत्यनारायण होता, तेव्हा ग्रुप फोटो दाजींच्याच फोनमध्ये निघाला. हा त्या वेळी मागच्या पडवीत शिऱ्याची कढई ढवळणाऱ्या काकांचे फोटो काढत होता. "वाईट वाटलं का?" मी विचारलं. "वाटलं," म्हणाला. "पण मे महिन्याएवढं नाही."

हे लिहिताना ज्या आया मला फोन करतात त्या डोळ्यांसमोर आहेत. मुलगा महागड्या फोनसाठी हट्ट धरून बसला असेल तर आधी 'आपली ऐपत नाही' किंवा 'तुला कशाला हवा' असं म्हणू नका. त्याच्याकडून डावं पान लिहून घ्या. आणि उजवं पान तो दाखवेल तेव्हाच वाचा, ओढून घेऊन नाही. तिथे जे लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा फोनबद्दल नसतं, आणि मुलांना ते आपल्याला सांगायची लाज वाटत असते. ज्याला कामासाठी खरोखर मोठा फोन लागतो, त्याची वही पहिल्याच आठवड्यात डावीकडे भरते. तशा एका मुलीला, घरगुती केक विकणाऱ्या, मी दोन भेटींत 'घे' म्हटलं होतं.

तो मुलगा अजूनही वही लिहितो. २०२५ च्या सप्टेंबरात नवा आयफोन आला, तेव्हा त्याने मला उजव्या पानाचा फोटो पाठवला. जागा: कॅन्टीन. सोबत: तिघे. खाली एकच ओळ होती: 'केशरी रंग. आवडला.'