बीए सेटमधली हवा नेमकी किती वेळ पुरते?

प्रश्न : मी एका रासायनिक कारखान्याच्या अग्निशमन पथकात आहे. धुरात शिरताना पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा लावायच्या आमच्या श्वसनसंचांवर, म्हणजे बीए (ब्रीदिंग अॅपरेटस) सेटवर, ‘४५ मिनिटे’ असे लिहिलेले आहे. परंतु सरावाच्या वेळी धुराच्या खोलीत शिरल्यावर माझा सिलिंडर पंचविसाव्या मिनिटालाच संपत येतो. दोष सेटमध्ये आहे की माझ्यात? आणि हवा कमी झाल्याची सेटची शिट्टी वाजली की बाहेर पडायचे, एवढा नियम पुरेसा नाही का? (तारापूर)

उत्तर : दोष सेटमध्ये नाही आणि तुमच्यातही नाही. ४५ हा आकडा कसा येतो ते पाहिले म्हणजे उलगडा होईल. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाने हवा भरली की कागदोपत्री १,८०० लिटर हवा मिळते आणि मिनिटाला ४० लिटर असा खर्च धरला की ४५ मिनिटे होतात. (सिलिंडरमध्ये साधी दाबलेली हवाच असते, तो ऑक्सिजनचा सिलिंडर असल्याचा समज अजूनही सर्रास आढळतो.) मात्र जाड फायर सूट अंगावर, सेट पाठीवर आणि पाण्याने भरलेला होज हातात असताना माणूस मिनिटाला ४० लिटरवर भागवू शकत नाही. जिना चढताना किंवा कोणाला ओढून बाहेर काढताना हा खर्च ७० लिटरवर सहज जातो, कधी त्याहूनही पुढे जातो. ७० लिटरने तोच सिलिंडर जेमतेम २५ मिनिटे चालतो. म्हणजे तुमचा अनुभव हिशेबाला धरूनच आहे. श्वास रोखून किंवा मुद्दाम सावकाश घेऊन हवा वाचवण्याच्या फंदात मात्र पडू नका. त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पुढचे श्वास अधिकच जोराचे होतात. नियमित व्यायाम आणि सेट लावून केलेला सराव यांनी जो फरक पडतो, तोच खरा.

शिट्टीविषयीचा तुमचा समज मात्र मला फार काळजीचा वाटतो. बहुतेक सेटची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते. त्या क्षणी सिलिंडरमध्ये ३३० लिटर हवा उरलेली असते आणि दमलेल्या माणसाला ती पाच मिनिटेही पुरत नाही. आत जायला दहा मिनिटे लागली असतील, तर शिट्टी ऐकून निघालेला माणूस दारापर्यंत पोहोचणार नाही, हे साध्या वजाबाकीनेच कळते. शिट्टी वाजेल तेव्हा तुम्ही बाहेर असले पाहिजे. शिट्टीनंतरची हवा वाट चुकली किंवा पाय अडकला तर उपयोगी पडावी म्हणून राखलेली असते.

म्हणून परतीचा हिशेब आत शिरतानाच करावा. समजा, तुम्ही २९० बारवर आत गेलात आणि कामाच्या जागी पोहोचलात तेव्हा दाबमापकाचा काटा २२० वर आहे. म्हणजे जाताना ७० बार खर्च झाले. परतताना निदान तेवढे तरी लागतीलच आणि राखीव ५५ बारना हात लावायचा नाही. तेव्हा १२५ बारच्या खाली काटा जाण्याआधीच पाठ फिरवायला हवी. परतीच्या वाटेवर माणूस अधिक थकलेला असतो आणि धूरही दाट झालेला असू शकतो, हे लक्षात घेता मी १४० ला निघण्याचा सल्ला देईन. जोडीदारांपैकी ज्याची हवा आधी संपते आहे त्याच्या काट्यावर दोघांनीही निघावे. एकाने मागे राहून काम उरकण्याचा विचारही करू नये.

बाहेर नियंत्रण फलक, म्हणजे आत गेलेल्यांच्या नोंदीचा फलक, सांभाळणारा माणूस का लागतो, हे लंडनच्या स्मिथफिल्ड बाजारातील आगीने जगाला शिकवले. २३ जानेवारी १९५८ रोजी तेथील कोंबड्यांच्या मांसबाजाराच्या तळघरातील शीतगृहांना आग लागली. त्या चक्रव्यूहासारख्या, धुराने भरलेल्या मार्गिकांत दोन अग्निशामकांचा मृत्यू झाला. त्यानंतर ब्रिटनमध्ये आत जाणाऱ्या प्रत्येकाची टॅली (नोंदीची पट्टी) बाहेरच्या फलकावर लावण्याची पद्धत रूढ झाली. नाव, आत जातानाचा दाब आणि वेळ यांवरून कोणाची हवा केव्हा संपेल हे बाहेरचा माणूस काढतो आणि वेळेत कोणी परतले नाही तर बचावपथक आत धाडतो. तुमच्या कारखान्यात ‘माणसे कमी आहेत’ म्हणून हा फलक रिकामा ठेवला जात असेल, तर आत जाण्याचा आदेश मिळाल्यावरही आधी फलकावर माणूस मागा. तो मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : मला दाढी आहे आणि चष्माही आहे. मुखवट्यात हवेचा दाब सतत जास्तच असतो, मग धूर आत येईलच कसा? (नाशिक)

उत्तर : मुखवट्यातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो हे खरे आणि त्यामुळे फट राहिली तर सहसा हवा बाहेर जाते. पण ती बाहेर जाणारी हवा तुमच्याच सिलिंडरमधली असते, त्यामुळे वर सांगितलेला सगळा हिशेब कोसळतो. शिवाय धापा टाकत जोराने श्वास ओढताना दाब क्षणभर खाली जाऊ शकतो आणि त्या क्षणी धूर आत शिरतो. रबरी कडा जिथे त्वचेला टेकते तिथे दोन दिवसांचे खुंटही नकोत. चष्म्याच्या काड्याही त्याच कडेखालून जातात. म्हणून मुखवट्याच्या आत बसवण्याची खास फ्रेम मागून घ्यावी.

ड्युटी सुरू होताना प्रत्येकाने आपला सेट स्वतः तपासावा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, काटा पाहा, व्हॉल्व्ह बंद करा आणि मिनिटभर काट्यावरून नजर हलवू नका. तो १० बारपेक्षा जास्त खाली आला तर सेट बाजूला काढा. मग नळीत अडकलेली हवा अगदी हळू सोडत राहा आणि शिट्टी कोणत्या आकड्यावर वाजते ते ऐका. शेवटी मुखवटा लावून, पुरवठा बंद असताना, हलकेच श्वास आत ओढा. मुखवटा चेहऱ्याला चिकटून तसाच राहिला पाहिजे.

प्रश्न : आमच्या वीस मजली सोसायटीने दोन सेट विकत घेऊन सुरक्षारक्षकांना द्यावेत काय? (ठाणे)

उत्तर : कृपया घेऊ नका. प्रशिक्षण, जोडीदार आणि बाहेरचे नियंत्रण नसताना सेट माणसाला खोटा धीर देतो आणि धुरात पुढे ढकलतो. ओल्या रुमालावरही विसंबू नका. त्याने थोडी काजळी अडते, कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. तेच पैसे हायड्रंटचा (आग विझवण्याच्या पाण्याच्या नळांचा) पंप आणि जिन्याचे अग्निरोधक दरवाजे चालू स्थितीत ठेवण्यावर खर्च करा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावयाचे प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे का, हे आधी पाहा.

प्रश्न : माझा मुलगा अग्निशमन दलात नुकताच भरती झाला आहे. आग विझल्यावर जवान मुखवटे काढून मलबा उपसताना दिसतात. हे योग्य आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी धुमसणाऱ्या फोमच्या गाद्या आणि प्लॅस्टिक यांतून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतच असतात आणि त्यांतला पहिला तर डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामातील संपर्क हा माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातला. तेव्हा वायुमापकाने हवा तपासून अधिकारी सांगेपर्यंत मुखवटा काढू नये, असे मुलाला आवर्जून सांगा. काजळी लागलेला सूट त्याने घरी आणू नये, घरच्या कपड्यांत धुऊ नये. मुखवटा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीतच वाळवावा, आणि भरलेला सिलिंडर लावल्याशिवाय सेट गाडीत परत ठेवू नये.