कुंडीतला गुलाब हिरवागार आहे, पण फुलं येणं बंद झालंय. काय करावं?

रोप आणलं तेव्हा भरपूर फुलं होती, वर्षभरात झाड उंच वाढलं, आता कळीच धरत नाही आणि खालच्या पानांवर काळे डाग पडतात, असं तुम्ही लिहिलंय. खताची पिशवी उघडण्याआधी कुंडीशी बसा आणि एक गोष्ट तपासा: जे वाढलंय तो तुमचाच गुलाब आहे ना?

विकत मिळणारे बरेचसे गुलाब डोळा (फांदीवरचा कोंब फुटणारा उंचवटा) दुसऱ्या झाडावर बसवून, म्हणजे डोळा भरून केलेले असतात. खाली दणकट जंगली गुलाबाचा खुंट, त्यावर हव्या त्या जातीचा डोळा. जोडाची जागा गाठीसारखी जाड दिसते. त्या गाठीच्या खालून किंवा थेट मातीतून वर आलेला फुटवा खुंटाचा. तो झपाट्याने सरळसोट वाढतो, अन्नपाणी ओढून घेतो आणि वरचं कलम हळूहळू वाळत जातं. सात पर्णिकांचं (एकाच देठावरच्या सात छोट्या पानांचं) पान म्हणजे जंगली फुटवा, असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका, चांगल्या जातींनाही सात पर्णिकांची पानं येतात. फुटवा कुठून निघालाय, हीच खरी खूण. माती बाजूला सारून तो जिथून फुटलाय तिथपर्यंत पोचा आणि हातमोजे घालून खालच्या दिशेने ओढून उपटा. मातीलगत कापलात तर तळाशी राहिलेल्या डोळ्यांमधून आणखी दोन-तीन येतील. गाठीच्या वरचं सगळं वाळून गेलं असेल, तर मात्र मूळचं फूल परत येणार नाही. तिथे नवीन रोप लावणंच शहाणपणाचं.

फुटवे गाठीच्या वरचेच निघाले, तर पुढचा प्रश्न उन्हाचा. गुलाबाला रोज किमान ६ तास थेट ऊन हवं, त्यातही सकाळचं उत्तम, कारण रात्रीचं दव पानांवरून लवकर सुकतं. ३-४ तास उन्हावर झाड जगतं, पानंही धरतं, पण टोकाला कळी न येता फांदी नुसतीच थांबते. असा वांझ फुटवा निम्म्यावर, चांगल्या डोळ्यावर कापला की बहुतेक वेळा पुढचा फुटवा कळी घेऊन येतो. ऊनच नसेल तर कुंडी हलवण्याला पर्याय नाही.

आता छाटणी. माझ्या मते तुमच्या झाडाचं खरं दुखणं इथेच असावं. सतत फुलणारे गुलाब नव्या फुटव्याच्या टोकाला फुलतात. झाड नुसतं उंच वाढू दिलं की नवे फुटवे बारीक येतात आणि बारीक फांदीला धड कळी लागत नाही. म्हणून वर्षातून एकदा मोठी छाटणी करा: बर्फ पडतो तिथे थंडी संपता संपता, उष्ण हवेत पाऊस थांबल्यावर. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या जिथून फुटल्यात तिथून कापून काढा. चार ते सहा जोमदार फांद्या ठेवा आणि त्या मातीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर कापा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर, तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. कापलेल्या फांदीचा गाभा पांढरट दिसायला हवा. तपकिरी असेल तर रोग अजून खाली आहे, पांढरा गाभा लागेपर्यंत कापत जा आणि प्रत्येक कापानंतर सिकेटरची (छाटणीच्या कात्रीची) पाती स्पिरिटने पुसा. इथे अनेकांचा हात आखडतो, पण रोगट भाग ठेवला तर फांदी शेंड्याकडून वाळत खाली येते. पानं उतरल्यावर झाड पाणी फार कमी पितं, तेव्हा छाटणीनंतर वरची २-३ सेंटिमीटर माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. फुलं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी दिसतील.

एक अपवाद: वर्षातून एकदाच फुलणारे काही वेली गुलाब जुन्या फांदीवर फुलतात. त्यांची छाटणी फुलं सरल्यावरच करायची, आधी केली तर त्या वर्षीचा बहर गेला.

मधल्या काळात सुकलेलं फूल देठाशी खुडू नका. खाली येत पहिलं पाच पर्णिकांचं, बाहेर वळलेलं पान गाठा आणि त्याच्या वर कापा. तिथला डोळा जाड असतो.

कुंडी किमान १२ इंची हवी आणि तळाची भोकं मोकळी. खताबद्दल एवढंच सांगेन की नुसता युरिया दिला तर पानंच वाढतील. छाटणीनंतर दोन मुठी कुजलेलं शेणखत वरच्या मातीत मिसळा, नवी पालवी फुटल्यावर दर १५ दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) एका लिटर पाण्यात २ ग्रॅम विरघळवून ओल्या मातीत द्या. कोरड्या मातीत दिलं तर मुळं भाजतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. क्षारयुक्त पाण्याने माती अल्कधर्मी झाली की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, तिथे चिलेटेड लोह (अशा मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) उपयोगी पडतं.

काळे डाग बुरशीचे आहेत. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की तिचे बीजाणू रुजतात. म्हणून पाणी सकाळी आणि फक्त मातीत घाला, डागाळलेली आणि गळलेली सगळी पानं उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. नवीन पालवीवर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, दोन्ही बाजूंनी, पाकिटावर दिलेल्या अंतराने फवारा. डाग पडलेलं पान पुन्हा स्वच्छ होत नाही, फवारणी फक्त नव्या पानांना वाचवते.

बुंध्यावरची माती सारून गाठीचा जवळून फोटो टाकलात, तर कुठला फुटवा ठेवायचा ते नेमकं सांगता येईल.