दुकानात नोकरी केल्यावर ग्राहक म्हणून तुमच्या वागण्यात काय बदल झाला?

प्रश्नाला जोडून तुम्ही असंही विचारलंय की हल्ली दुकानातली सेवा बिघडलीय, की आपल्याच अपेक्षा वाढल्यात. दोन्हींचं उत्तर एकत्रच देतो, कारण माझ्या डोक्यात ते वेगळं होत नाही.

मी धरणगावहून अप-डाउन करत जळगावला फुले मार्केटजवळच्या एका कापड दुकानात बरीच वर्षं साड्यांच्या काउंटरला होतो. नंतर काही काळ तयार कपड्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये काढला. आता त्या धंद्यात नाही, पण सवयी राहिल्यात. पहिली सवय म्हणजे मी दुकानात शिरल्याबरोबर बजेट सांगून टाकतो. माझ्या बायकोला हे अजिबात पटत नाही. तिचं म्हणणं, आकडा कळला की ते तिथपर्यंत ताणणारच. ताणतात, नाही असं नाही. पण आकडा सांगितला नाही तर समोरचा तुमच्या चपलेवरून, हातातल्या पिशवीवरून आणि सोबत कोण आलंय त्यावरून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज चुकला की दोघांचाही तास वाया जातो. आमच्याकडे रावेर-यावलकडचे केळीवाले आप्पा यायचे. पायजमा चुरगळलेला, चपलांना मळ्यातली माती. नवीन पोरगा त्यांना हमखास खालच्या रॅकमधला माल काढायचा. जुना माणूस आधी पाणी मागवायचा, पाऊसपाणी विचारायचा, मग हळूच विचारायचा, "द्यायची दाखवू की नेसायची?"

हा प्रश्न खानदेशातल्या साडीच्या दुकानात सगळ्यात महत्त्वाचा. द्यायची साडी म्हणजे आहेराची, मानपानाची. ती ज्या बाईला मिळते ती बहुतेक वेळा पुढे कुणाला तरी देऊनच टाकणार असते, त्यामुळे अशा साडीत भाव बघतात आणि दिसायला भरगच्च हवी असते. नेसायची म्हणजे पोत, पदर, काठ, रंग सगळं बघून. नीट बघाल तर एकाच घरातली बाई दोन प्रकारच्या साड्या घेताना दोन वेगळ्या बायका असल्यासारखी वागते. द्यायच्या बारा साड्या दहा मिनिटांत निवडते आणि नेसायच्या एकीसाठी दुपार घालवते. सेल्समनला हे आधीच कळलं तर तो वैतागत नाही.

बस्त्याचं तर विचारूच नका. लग्नाचा बस्ता बांधायला क्रूझर भरून माणसं येतात, नवरीकडची आणि नवरदेवाकडचीही. गादीवर पुढे बसून सगळ्यात जास्त बोलणारी बाई ठरवणारी नसते, हे शिकायला मला वेळ लागला नाही. ठरवणारी मागे भिंतीला टेकून बसलेली असते. कधी आत्या, कधी थोरली जाऊ. ती काही बोलत नाही, फक्त एखादी साडी आली की दोन बोटांत पदर धरून सोडते. तेवढ्यावरून ओळखायचं. पैसे मोजणारा मामा किंवा काका दाराजवळ खुर्चीवर, आणि त्याचं सगळं लक्ष बेरजेकडे. नवरी स्वतः बहुतेक वेळा मोबाईलमध्ये कुठला तरी फोटो दाखवत असते आणि तिच्याकडे कुणी बघत नसतं. मी तिला आधी विचारायचो. ते काही समाजसेवा म्हणून नव्हतं. शालू नवरीला नाही आवडला तर चार दिवसांनी सगळी क्रूझर परत येते.

मधूनच मागून आवाज येणार, "आखो दखाडा ना, भाऊ." आणखी दाखवा. दाखवायला काही लागत नाही हो, साडी फेकली की उलगडते. खरं काम लोक गेल्यावर सुरू होतं. उलगडलेल्या साडीची घडी जुन्या मोडीवरच बसली पाहिजे, जरीचे काठ आत गेले पाहिजेत, नाहीतर मोडीवर काठ काळे पडतात आणि पुढच्या गिऱ्हाईकाला ती साडी जुनी वाटते. मोठा बस्ता झाला की गादीवर कमरेएवढा ढीग असायचा आणि तो आवरेपर्यंत शेवटची पॅसेंजर निघून जायची. म्हणून दुसरी सवय: बंद व्हायच्या वेळेला मी दुकानात जात नाही. आणि घ्यायचं नसेल तर "जाऊन येतो" म्हणत नाही. रंग पटला नाही, काठ मोठा वाटला, जे असेल ते सांगतो. सांगितलेलं शेठपर्यंत जातं, पुढच्या खेपेला सुरतहून माल आणताना उपयोगी पडतं. "जाऊन येतो" म्हणणारा कधी येत नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

गिऱ्हाईक कसं वागतं हे खानदेशात निम्मं कापसावर असतं. आमचे शेठ सकाळी पेपर उघडला की कापसाचा भाव आधी बघायचे, बाकी बातम्या नंतर. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आसपासच्या बस्त्यांमध्ये घासाघीस नावालाच होती. "कितला कमी करशात?" असं विचारायचं म्हणून विचारायचे, आणि हसून पैसे काढून द्यायचे. पुढच्या वर्षी भाव उतरला. लोकांनी वाढेल या आशेवर कापूस घरातच भरून ठेवला, घरभर कापूस आणि हातात पैसा नाही. तेव्हा तीच माणसं पन्नास रुपयांसाठी अडून बसायची. त्यांना कुणी चिकट म्हटलेलं मला आजही आवडत नाही.

आता सेवा बिघडली का, याबद्दल. माझं मत असं की काउंटरवरचं पोरगं बिघडलेलं नाही. त्याच्या हातात पूर्वी जे असायचं ते आता नाही. कापड दुकानात आमच्या साडीला लावलेल्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव अक्षरांत असायचा. दहा अक्षरांचा एक शब्द ठरलेला, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. तो शब्द ज्याला माहीत, त्याला किती खाली उतरायचं ते शेठला विचारावं लागत नसे. एकदा कानबाईनंतर, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या सणानंतर, एक मावशी साडी परत घेऊन आल्या, पहिल्याच धुण्यात रंग गेला म्हणून. आमच्यातल्या जुन्या सेल्समनने पांढरा रुमाल ओला केला, पदरावर चोळला, रुमाल गुलाबी झाला. त्याने तोच रुमाल मावशींना दाखवला, रॅकवरून त्याच भावाची दुसरी साडी काढली आणि तिच्या काठावरही रुमालाचं कोरं टोक घासून मग हातात दिली. शेठ गल्ल्यावर बसून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत.

शोरूममध्ये मी त्याच जागी असतो तर काय म्हटलं असतं? "सिस्टिम घेत नाही, ताई." तिथे आम्हाला बोलायचं काय ते शिकवलं होतं, हसायचं कधी तेही. जीन्सची चेन बिघडून परत आली तर मॅनेजरला विचारा, मॅनेजरने मेल टाकायचा, मेलचं उत्तर आलं की गिऱ्हाईकाला फोन. तोपर्यंत गिऱ्हाईक आमच्यावर ओरडून गेलेलं. त्या ओरडण्याचा खरा पत्ता पुण्या-मुंबईतल्या कुठल्या तरी ऑफिसचा होता. म्हणून मी आता काउंटरवरच्या मुलावर आवाज चढवत नाही, सरळ विचारतो, "हे ठरवणारं कोण आहे?" त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसतं.

पण गोड वागायचं म्हणजे हक्क सोडायचा असं नाही. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी आमच्याही दुकानात होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर तेवढ्या दिवसांत, नसेल तर तीस दिवसांत. बिल न देणं हेही त्यातच येतं. मात्र घरी गेल्यावर नणंदेला रंग आवडला नाही, हा दोष होत नाही. तिथे बदलून मिळणं ही दुकानदाराची मर्जी, आणि ती मर्जी आपण आधी कसे वागलो त्यावर असते.

"पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा लागेल" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. छापील एमआरपी असेल तर तीत सगळे कर धरलेले असतात, वर काही लावता येत नाही. आणि बिलासाठी मोबाईल नंबर द्यायलाच हवा असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानांना तसा सल्लाच दिला होता, की नंबरासाठी अडवू नका. मी शांतपणे "नंबर नको" म्हणतो. शोरूममध्ये आम्हाला नंबर गोळा करायचं टार्गेट असायचं, त्यामुळे मुलगा दुसऱ्यांदा विचारतो. त्याचा राग येत नाही. तरीही देत नाही. कुठे अगदीच अडलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे उभं राहणं. कापड दुकानात आम्ही गादीवर बसून साड्या दाखवायचो, पाठ जायची पण पाय शाबूत. शोरूममध्ये बसायला स्टूलही नव्हतं आणि वर कॅमेरा. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, आत एसी, आणि संध्याकाळी घोटे सुजलेले. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा दिलीच पाहिजे असा कायदा केला. तो मागायला आधी साड्यांच्या दुकानांतल्या बायकाच उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा कुणी स्टुलावर टेकलेलं दिसलं तर "गिऱ्हाईक आलंय, दिसत नाही का" असं म्हणू नका. मी हाक मारायच्या आधी जरा इकडेतिकडे बघत राहतो, ते आपणहून उठतात.

तुम्ही जळगावच्या बाजूचे असाल आणि घरात लग्न असेल, तर बस्त्याला तिथीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका. मधल्या वारी सकाळी दुकान उघडल्यावर जा, माणसं कमी न्या, द्यायच्या किती आणि नेसायच्या किती हे घरूनच कागदावर लिहून न्या. आणि नवरीला पुढे बसवा.