हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळीने जबडा खराब होतो का?

तुम्ही लिहिलंय की आईंना हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी लिहून दिलीय, त्यांचे दोन दात हलतायत आणि कुणीतरी सांगितलं की या गोळीने जबडा सडतो, तर गोळी सुरू करावी की नको. सुरू करा. फक्त आधी दाताच्या डॉक्टरकडे जा, गोळी त्यानंतर. खरं तर एवढंच सांगून थांबता आलं असतं, पण याच विषयावरून माझी नणंद दोन वर्षं माझ्याशी धड बोलत नाहीये, त्यामुळे सगळंच लिहिते.

सासूबाई सहा वर्षं हीच गोळी घेत होत्या, ७० मिलिग्रॅमची, दर रविवारी. ती द्यायचं काम माझं. उठल्या उठल्या उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा नाही. रोजच्या गोळ्या कप्प्यांच्या डबीत असायच्या, ही मात्र वेगळी, कपाटात वरच्या फळीवर. तिथेच घात झाला. त्यांची खालची मागची दाढ हलायला लागली म्हणून मी त्यांना घेऊन गेले, तिथे फॉर्मवर चालू औषधांचा रकाना होता. मी बीपीची गोळी लिहिली, थायरॉइडची लिहिली, सांध्यांसाठी चालू असलेली स्टिरॉइडची छोटी गोळीसुद्धा लिहिली. रविवारची राहिली. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी म्हणजे चालू औषध हे डोक्यातच आलं नाही, आणि वय ७४, कमरेत वाकलेल्या बाईला हाडांचं काही घेता का हे त्या डॉक्टरांनीही विचारलं नाही. पाच मिनिटांत दाढ काढून झाली.

पंधरा दिवस गेले, महिना गेला, जखम भरेना. दुखत फारसं नव्हतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. परत गेलो तर अँटिबायोटिक मिळालं, आणि वय झालंय, वेळ लागणारच हे उत्तर. मग एका रात्री सासूबाई म्हणाल्या, "अगं, जिभेला काहीतरी खरखरीत लागतंय बघ, खडा अडकल्यासारखं." मी मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. दाढ होती तिथे हिरडी दोन्ही बाजूंनी मागे सरकलेली आणि मधोमध पिवळट पांढरं, कोरडं काहीतरी. मला वाटलं दाताचा तुकडा राहिलाय. तो दात नव्हता, जबड्याचं उघडं हाड होतं.

जबड्याच्या सर्जनकडे गेलो तर खुर्चीत बसवायच्या आधी त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, हाडांची कुठली गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का. मी रविवारच्या गोळीचं नाव सांगितलं तसे त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी समजावलं ते असं. आपलं हाड सतत मोडत आणि नवं बनत असतं. जुनं हाड पोखरणाऱ्या पेशींना ही औषधं लगाम घालतात, म्हणून हाड टिकतं. पण जखम भरायची तर मेलेलं हाड साफ करायलाही त्याच पेशी लागतात. जबड्यात ही उलाढाल जास्त, वर फक्त पातळ हिरडीचं पांघरूण आणि तोंडातले जंतू कायम हजर. म्हणून त्रास होतो तो जबड्यातच, त्यातही खालच्या जबड्यात जास्त. आठ आठवडे उलटूनही हाड उघडंच असेल, जबड्याला कधी रेडिएशन दिलेलं नसेल आणि असं औषध चालू असेल, तर ते हेच. २००३ मध्ये असे पेशंट पहिल्यांदा नोंदवले गेले, म्हणजे डॉक्टर लोकांनाही हे माहीत होऊन फार काळ झालेला नाही.

उपचार कंटाळवाणे होते. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या, मधूनमधून अँटिबायोटिक, दर तीन आठवड्यांनी तपासणी. पाचव्या महिन्यात तो तुकडा हलायला लागला आणि सर्जननी चिमट्याने अलगद काढून गॉजवर ठेवला. करंगळीच्या नखाएवढा, भोकाभोकांचा, वाळलेल्या स्पंजसारखा. त्यानंतर हिरडी मिटली. आज त्या व्यवस्थित जेवतात.

आता नणंदेचं. तिचं म्हणणं एकच, "तूच आईला त्या गोळ्या चारल्यास, मी तेव्हापासून नको म्हणत होते." सगळ्यांसमोर म्हणाली. मी तेव्हा गप्प बसले कारण फॉर्मची चूक माझी होती आणि ती मला आजही खुपते. पण गोळी देणं ही चूक नव्हती. गोळी सुरू व्हायच्या आधी सासूबाईंचा मणका दबला होता, पाण्याची बादली उचलताना, पडल्याही नव्हत्या. तीन महिने त्यांना कूस बदलता येत नव्हती, तेव्हा त्यांचं सगळं मी केलंय. नंतरच्या सहा वर्षांत एकही हाड मोडलं नाही. हे धरायचंच नाही का? म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की पाचातला जवळपास एक जण वर्षभरात जातो. आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी ही औषधं घेणाऱ्यांत जबड्याचा त्रास होतो तो दहा हजारांत एखाद-दोघांना, जास्तीत जास्त धरलं तरी हजारात एकाला. आमच्याकडे स्टिरॉइड होतं, सहा वर्षं झाली होती आणि दाढ काढली, तिन्ही एकत्र आलं. डायबेटिस, सिगारेट, टोचणारी कवळी यांनीही धोका वाढतो.

नणंद म्हणते दाढ काढायच्या आधी आठवडाभर गोळी थांबवली असती तर काही झालं नसतं. तसं नसतं. हे औषध हाडात मुरून वर्षानुवर्षं तिथेच राहतं, एक रविवार चुकवून काय होणार? काही महिने बंद ठेवावी का यावरही डॉक्टरांचं एकमत नाही. पण गोळीऐवजी हाडांसाठी दर सहा महिन्यांचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर ते मनाने अजिबात लांबवू नका, ते हाडात साठत नाही, थांबवलं की झीज उलट जोरात होते आणि मणके मोडतात.

हे मी ठिसूळपणाच्या डोसबद्दल लिहितेय. कॅन्सरमध्ये हीच औषधं किंवा यांचीच भावंडं खूप जास्त प्रमाणात देतात, तिथे धोका शंभरात एखाद्यापासून पुढे जातो, ते गणित वेगळं. मी डॉक्टर नाही, आमच्या घरी घडलं तेवढं आणि सर्जनना विचारून विचारून कळलं तेवढं सांगतेय. आणि गोळी आधीच चालू असलेल्यांनी दाताचे उपचार टाळू नयेत. सफाई, फिलिंग, रूट कॅनाल बिनधास्त करा, दात वाचत असेल तर काढण्यापेक्षा रूट कॅनाल बरं. काढावाच लागला तर गोळीचं नाव आणि किती वर्षं झाली ते आधी सांगा. सासूबाईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी आता ते लाल पेनाने लिहून ठेवलंय.

तुमच्या आईंचे हलणारे दोन दात काढायचेच असतील तर आत्ता काढून घ्या, हिरडी नीट भरू दे, मग गोळी सुरू करा. त्यासाठी काही आठवडे उशीर चालेल का हे गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा चालतो, पण नुकताच मणका वगैरे मोडला असेल तर ते थांबू नका म्हणतील. तसं काही झालंय का ते प्रश्नात नाहीये.